सासरकन्येचं शीड

किस्से साठतात कसे, माहितीये? टमाट्याच्या क्रेटसारखे. एकावर एक, एकावर एक, आणि आपल्याला वाटतं खालचे गेले विसरून. पण क्रेट उचलला की आधी पाझरतं कोण? तळाचं, दबलेलं! वरचे असतात लालबुंद, कुणालाही दाखवावेत असे. मी पण जास्त करून वरचेच दाखवतो. आज म्हटलं, अख्खा क्रेटच उपडा करू.

माझा दोस्त संत्या म्हणतो, "पव्या, तू बोलायला लागला की धरणातली बोट समुद्रात नेऊन घालतो." तर संतोषराव, या वेळी खरंच नेली होती, आणि तुम्ही पण बोटीत होता!

* * *

पहिले नाना. माझ्या पप्पांचे चुलतभाऊ, गिरणाऱ्याला द्राक्षबाग. तरुणपणी बारा वर्षं मालवाहू जहाजावर होते. म्हणून पारावर बसले की लोक त्यांना समुद्राचंच विचारायचे. वादळ बघितलं का, देवमासा बघितला का. एकदा एक पाहुणा लय मागं लागला, "नाना, सांगा ना, मधोमध समुद्र दिसतो कसा?"

नाना शांतपणे म्हणे, "मला काय माहीत? मी खाली इंजिनात होतो!"

सगळे हसले. मी पण हसलो. नाना नाय हसले. बारा वर्षं समुद्रात राहून समुद्र बघायचाच राहिला होता त्यांचा. मग एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याची जुनी शिडाची बोट नानांनी घेतली. अठरा फुटी, मधे कोंबड्यांच्या खुराड्याएवढी केबिन. गंगापूर धरणात सोडली. कुणी म्हटलं, "नाना, छोटं इंजिन बसवून घ्या, वारा पडला तर?" नाना म्हणे, "इंजिनाचं नाव माझ्यापुढं काढायचं नाय!"

मी त्याच वर्षी दहावीला दुसऱ्यांदा आपटलो होतो. पप्पांनी मला नानांच्या ताब्यात दिलं. "बुडव नाय तर तरव, पण घरी बसवू नको याला."

डोलकाठीला ताण द्यायच्या तारा गंजल्या होत्या. नानांनी द्राक्षाच्या मांडवाची तार आणली, मांडवाचाच ताण द्यायचा खटका लावला, आणि डोलकाठी अशी उभी केली की वाकायचं नाव नाय. एका रविवारी धरणावर एक शहरी माणूस आला. तारा बघून विचारतो, "ही कुठली सिस्टीम म्हणायची?"

मी म्हटलं, "थॉमसन."

"अच्छा!" मान हलवत म्हणे, "तरीच. इम्पोर्टेड दिसते."

थॉमसन ही आमच्याकडं द्राक्षाची जात आहे!

* * *

नानांना बोटीचं नाव ठेवायचं होतं 'सागरकन्या'. संत्याचं अक्षर चांगलं, तर त्याला ब्रश आणि पिवळा रंग दिला. संत्यानं सकाळभर खपून लिहिलं आणि जेवायला गेला. मी तेवढ्यात 'ग'चा 'स' केला. फार नाय, दोन रेघांचं काम.

नाना आले. चष्मा पुसला. परत वाचलं. "सासरकन्या?"

संत्या शपथा घ्यायला लागला. मी दुसरीकडं बघून शिट्टी वाजवत होतो. ब्रश माझ्या पँटीच्या मागच्या खिशात!

आम्हाला वाटलं आता नाना पेटणार. पण ते बोटीला एक चक्कर मारून आले आणि म्हणे, "असू दे. माहेर धरणात, सासर समुद्रात. एक दिवस पाठवायचीच आहे हिला. नाव बरोबरे." संत्याला मात्र बोटीचा तळ घासायला लावला, एकट्याला. तो अजून म्हणतो की आपण झोपेत लिहिलं असंल.

* * *

आता मास्तर. देवळाली कॅम्पात, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. सगळी हयात फौजेचे तंबू शिवण्यात गेली. पाटीवर लिहिलेलं: 'तंबू – ताडपत्री – शीड'. यातल्या शेवटच्या शब्दावर त्यांचा लय जीव. तंबू कुणीपण शिवतं म्हणे, शीड शिवायला वारा कळावा लागतो.

गिऱ्हाइकाशी बोलणं तोडून. एकानं सहलीचा तंबू शिवून घेतला आणि पाच वेळा विचारलं, "मास्तर, आत पाणी नाही ना येणार?"

"दार लावलं तर नाय येणार."

मी एकदा विचारलं, "मास्तर, एवढी शिडं शिवली, बोटीत कधी बसला का?" मास्तरांना पोहता येत नव्हतं. पाण्याच्या काठाला पण ते दहा फूट लांब उभे राहायचे. ते म्हणे, "तिरडी बांधणारा तिच्यावर झोपून बघतो का रे?"

आणि त्यांचा एक शब्द सगळ्या कॅम्पात फेमस होता. त्यांच्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांचं काम ते हातात घ्यायचे, उजेडात धरायचे, आणि एक जरी टाका वाकडा दिसला तर म्हणायचे, "उसव." ओरडायचे नाय. फक्त "उसव." लय पोरं या एका शब्दापायी पळाली.

* * *

आता तळाकडं चाललोय, सावकाश ऐका.

शिलाईच्या मशीनला दोन दोरे असतात. एक वरचा, दिसतो तो. दुसरा खाली बॉबिनमधी, छोट्या चकरीवर गुंडाळलेला, तो दिसत नाय. पण शिवण धरून ठेवतात दोघं मिळून. मास्तर शिडाला मेण लावलेला जाड दोरा वापरायचे, वर पण, खाली पण.

सासरकन्येचं शीड मधल्या शिवणीत विरलं होतं, म्हणून नानांनी ते मास्तरांकडं टाकलं. मी रोज तिथं टेकायला जायचो, बोटीच्या नावाचा आणि खिशातल्या ब्रशचा किस्सा पण मास्तरांना हसत हसत सांगून बसलो होतो. एक दिवस मास्तर चहाला गेले. माझ्या खिशात घरचा हाराचा दोरा होता. आमचं मखमलाबादला झेंडूचं शेत, घरात सगळीकडं फुलं आणि दोरा. मी बॉबिनवरचा मेणाचा दोरा काढला आणि हाराचा भरला. तोच पांढरा रंग. मला वाटलं, चार बोटं शिवून होत नाय तर तुटंल, मास्तर फौजी हिंदीत मशीनच्या खानदानाचा उद्धार करतील, आणि मी हसून घेईन. बास, एवढंच!

पण मशीन त्या दिवशी खुशीत होतं. मधली अख्खी शिवण घातली, एकदा पण अडकलं नाय. मी स्टुलावर बसून बघतोय. आता सांगू, मग सांगू. तेवढ्यात नाना आले आणि शीड गुंडाळून घेऊन गेले.

रविवारी धरणावर गर्दी. चार-पाच हौशी साहेब लोक, त्यांच्या बोटी, त्यांच्या दुर्बिणी. नानांनी मुद्दाम मास्तरांना बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून काठापासून दहा फुटांवर उभे. बोट मधोमध गेली, वारा आला, शीड भरलं. लय भारी दिसलं, एवढं मोठं पांढरं पोट! आणि मग, टर्रर्र. जुनी चादर फाडावी तसा आवाज. वरपासून खालपर्यंत दोन तुकडे.

एक साहेब दुर्बीण खाली न घेताच म्हणाला, "तंबूवाल्याकडून शीड शिवलं की असंच व्हायचं!"

सगळे हसले. बोट वल्हवत काठाला आणली. मास्तर पहिल्यांदाच पाण्याजवळ आले. फाटलेली शिवण हातात घेतली, एक दोरा ओढला, बोटांत फिरवला, आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिला. 

पुढच्या आठवड्यात मी दुकानापुढून गेलो. पाटीवरचा शेवटचा शब्द काळ्या रंगानं बुजवलेला. 'तंबू – ताडपत्री –'. त्याच्या आधीची रेघ तेवढी बुजवायची राहिली होती. त्या रेघेकडं माझ्यानं बघवेना.

* * *

नाना हट्टी. फाटलेलं शीड घेऊन परत मास्तरांकडं. "शिवायचं तर तुम्हीच."

मास्तर म्हणे, "माझ्या हाताचं यश गेलं. हा शिवंल." आणि बोट दाखवलं माझ्याकडं!

नाना म्हणे, "हा? याला शर्टाचं बटण लावता येत नाय!"

"मशीनवर नाय. हातानं. दाभणानं."

हाताला चामड्याचा पंजा, त्याच्यात दाभण, मेणाचा दोरा, दुहेरी शिवण. पहिल्या दिवशी वीतभर घातली. मास्तरांनी उजेडात धरली. "उसव." दुसऱ्या दिवशी तीच वीत. "उसव." तिसऱ्या दिवशी मी रडायला आलो. म्हटलं, "मास्तर, काय वाकडंय यात?" ते म्हणे, "तुला दिसंल तेव्हा तूच उसवशील."

महिना गेला. एक दिवस मी दोन टाके घातले आणि त्यांनी बघायच्या आत स्वतःच उसवले. मास्तरांनी चहा सांगितला. दोन फुल कप. तोपर्यंत ते मला कटिंगच पाजायचे.

रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज दाभण हातात घेतलं की तोंड शिवल्यासारखं व्हायचं.

शिवण पुरी झाली तेव्हा नाना म्हणे, "टिकंल का?"

मास्तर म्हणे, "धरणात काय टिकतंय, खऱ्या वाऱ्यात बघू. तुमची लेक सासरी धाडा. मी येतो बरोबर."

"तुम्ही? बोटीत?"

"टिकलं तर पाटी परत रंगवीन. नाय टिकलं तर मशीनच मोडीत काढतो. लोकं काय म्हणतात ते एकदा डोळ्यानं बघून घेतो."

मला त्या रात्री जेवण गेलं नाय. आईला वाटलं मी खरंच आजारी आहे!

* * *

टेम्पोवर बोट चढवली आणि कसारा घाटानं कोकणात निघालो. घाटात एका हवालदारानं हात केला. बोटीकडं बघितलं, नाव वाचलं. "ही काय भानगड?"

संत्या म्हणे, "बोट आहे साहेब."

"ते दिसतंय. घाटात काय करतीये?"

मी म्हटलं, "सासरी चाललीये. माहेरचे चौघं सोडायला चाललोय."

हवालदारानं आमचे चार चेहरे बघितले. मास्तर पुढं बसून बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडीवर धरून होते. त्यात दाभण, दोरा, मेण. हवालदार काय समजला देवाला माहीत. टोपी नीट केली आणि हळूच म्हणाला, "जपून न्या."

* * *

खाडीवर पोचलो. समोर एक बेट, बेटाच्या आणि किनाऱ्याच्या मधे पाण्याची चिंचोळी पट्टी, त्यातून सगळी खाडी आत-बाहेर पळते. सकाळी नऊला पाणी तुडुंब होतं. धक्क्याच्या खांबांना बोट पुढून-मागून करकचून बांधली आणि जेवायला गेलो.

एकला आलो तर सासरकन्या खांबांना लटकलेली! पाणी खाली, बोट वर, वाळत घातलेल्या पायजम्यासारखी.

नाना ओरडले, "गेट कोणी उघडलं?!"

शेजारी एक कोळीण मावशी बोंबील वाळत घालत होती. म्हणे, "कसला गेट?"

"पाणी गेलं कुठं मग? कुणाला विचारून सोडलं?"

मावशी हसून हसून खाली बसली. "नासिकचं काय तुमी? दर्याला गेट नसतो रं बाबा!"

आम्ही धरणाची माणसं. पाणी कमी झालं म्हणजे कुणीतरी सोडलं, एवढंच आम्हाला माहीत. मग बोट कशी बांधायची यावर मोठी चर्चा. शेवटी संत्या म्हणे, "टमाट्यासारखी बांधू." टमाट्याचं झाड बांबूला बांधताना सुतळी सैल ठेवतात, झाडाला वाढायला जागा पाहिजे म्हणून. त्यानं दोर तसेच लांब सोडून बांधले. मग रात्रीपर्यंत बोट पाण्याबरोबर खाली गेली, वर आली, कुठं अडली नाय.

मास्तर ते बघत बसले होते. म्हणे, "करकचून बांधलं की लटकतं. पोरांचं पण तसंच." माझ्याकडं बघून म्हणाले का पाण्याकडं, कळलं नाय.

त्या दिवशी दुपारी तीनला पाणी परत आत यायला लागलं. नानांनी वहीत लिहून ठेवलं: 'तीन वाजता भरती'.

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीबरोबर पट्टीतून बाहेर निघालो. चौघांच्या अंगात नारिंगी जाकिटं, मास्तरांनी दोन घातलेली. बाहेर खुला समुद्र. नानांनी सुकाणू मला दिलं आणि नुसते बघत राहिले. लय वेळ. मग नाक शिंकरलं आणि म्हणे, "बरं हाय."

परतायचं गणित सोपं होतं. तीनला भरती सुरू, भरतीबरोबर आत. नानांच्या डोक्यात पाटाच्या पाण्याचं आवर्तन. आमच्याकडं पाट ठरल्या वेळेला सुटतो. परवा तीनला, म्हणजे आज पण तीनला! दर्याचं पाणी रोज पाऊण-एक तास उशिरा फिरतं, हे मावशीनं आम्हाला संध्याकाळी सांगितलं. हसता हसता.

तीनला पट्टीच्या तोंडाशी आलो. सुकाणू नानांकडं, दोर संत्याकडं. पाणी जोरात बाहेर येतंय, आणि मागनं वारा असा सुटलेला की बोलायला तोंड उघडलं तर गाल फडफडतील. वारा आत ढकलतोय, पाणी बाहेर, आणि दोघांची मारामारी आमच्या बोटीखाली! लाटा बुटक्या, उभ्या, भिंतीसारख्या. शीड गच्च भरलेलं. फेस पळतोय, तारा किंचाळतायत, वाटावं एसटीच्या वेगानं चाललोय. पण किनाऱ्यावर एक वाकडं नारळाचं झाड होतं, ते आमच्या बरोबर शेजारी. पाच मिनिटांनी पण शेजारी. पंधरा मिनिटांनी पण!

संत्या म्हणे, "नाना, झाड आपल्याबरोबर येतंय का?"

नाना म्हणे, "आपण जाग्यावर हाय."

मागं, जिथनं आलो तिथं, खडकांवर पाणी पांढरं फुटत होतं. इंजिन नाय. शीड होतं तोवर आम्ही जाग्यावर होतो. शीड गेलं असतं तर पाण्यानं आम्हाला सरळ त्या खडकांवर नेलं असतं.  चौघांचे डोळे एकाच जागी. मधल्या शिवणीवर. माझ्या.

मास्तर माझ्या शेजारी, डबा पोटाशी धरून. चेहरा पांढरा. वाऱ्याचा एक दणका आला, डोलकाठी कण्हली, शिवण ताणून सुतासारखी सरळ झाली. मास्तरांनी डोळे मिटले. आणि मला वाटलं, हा माणूस आता बुडाला तर स्वतःला दोष देत बुडंल.

मी ओरडलो, "मास्तर, तो दोरा मी बदलला होता! बॉबिनमधी! हाराचा दोरा! तुमच्या हातानं नव्हतं फाटलं!"

वारा एवढा की मला वाटलं ऐकूच गेलं नाय. मास्तरांनी डोळे उघडले. माझ्या कानाशी तोंड आणलं.

"माहितीये. बॉबिनच्या डबीत झेंडूची पाकळी सापडली होती."

"मग बोलला का नाय?"

मास्तर वर बघत होते. एक हात डब्यावरनं काढला, शिवणीकडं बोट केलं.

"वरून सातवा टाका. तिरका गेलाय."

मी बघितलं. गेला होता. मी पटकन म्हटलं, "घरी गेल्यावर उसवतो."

मास्तर म्हणे, "राहू दे."

नारळाचं झाड हललं. बोटभर. मग वीतभर. मग सावकाश, एकदम सावकाश, मागं जायला लागलं. संत्यानं "ए ए ए!" करून आरोळी ठोकली. नाना सुकाणूला दोन्ही हातांनी लटकलेले, सगळे भिजलेले, हसत होते. मास्तरांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मला म्हणाले,

"रविवारी दुकानात ये. पाटीवर 'शीड' लिहायचंय. ब्रश तुझ्याकडंच असंल ना अजून?"

नानांचं हसणं थांबलं.

"कुठला ब्रश?"